पाचशे वर्षांपूर्वीचं गाणं आज गातात तरी कसं?

मे २०२५ मध्ये नवा पोप निवडायला कार्डिनल मंडळी सिस्टिन चॅपलमध्ये शिरली, तो सोहळा जगभर टीव्हीवर दिसला. लाल झग्यांची रांग संथपणे आत चालली होती आणि तिच्याबरोबर लॅटिन गाणं. त्याच वर्षी युरोपात पालेस्त्रीना या इटालियन संगीतकाराची पाचशेवी जयंतीही साजरी झाली. हे महाशय १५५५ साली याच चॅपलच्या गायकवृंदात भरती झाले आणि लग्न झालेलं आहे या कारणावरून त्याच वर्षी नारळ मिळून बाहेर पडले.

या दोन निमित्तांनी आपल्याकडेही अनेकांच्या मोबाइलवर एक अनोळखी गाणं येऊन थडकलं. पाच-सहा माणसं अर्धवर्तुळात उभी, हातात कागद. पेटी नाही, तबला नाही, समोर हात हलवणारा कंडक्टरही नाही. प्रत्येक जण काहीतरी वेगळंच म्हणतोय आणि तरी सगळं मिळून कानाला गोड लागतंय. ऐकणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो: हे जर चार-पाचशे वर्षांपूर्वीचं असेल, तर तेव्हा ते असंच गात होते हे यांना सांगितलं कुणी? तेव्हा काही रेकॉर्डिंग नव्हतं.

कुणीही सांगितलेलं नाही, हे त्याचं खरं उत्तर. मग हे लोक गातात कशाच्या जोरावर, ते पाहू.

## आधी दोन शब्द

‘अर्ली म्युझिक’ म्हणजे ढोबळमानाने १७५० पूर्वीचं युरोपीय संगीत. छोट्या गायकगटांचा खास मुलूख मात्र त्याहून जुना, साधारण ११०० ते १६०० या काळातला.

दुसरा शब्द ‘पॉलिफनी’. एकाच वेळी अनेक स्वतंत्र चाली गायच्या, असा तो प्रकार. इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्या कानाला याची सवय नाही. आपल्याकडे समूहगान म्हटलं की सगळे एकच चाल म्हणतात; आरती घ्या नाहीतर राष्ट्रगीत. सिनेमातल्या कोरसमध्येही चाल एकाची आणि बाकीचे मागे ‘आऽऽ’ धरून उभे. पॉलिफनीत चार गायक असतील तर चार चाली असतात, आणि त्यातली प्रत्येक चाल सुटी काढली तरी गुणगुणता येते. एकाने सुरू केलेला तुकडा थोड्या वेळाने दुसरा उचलतो, तोवर पहिला पुढे निघून गेलेला असतो. संगीतकाराचं कसब हे, की या चारही चाली वाटेत कुठेही एकमेकींच्या अंगावर येत नाहीत.

यात शब्दांचा मात्र बळी जातो. चौघे चार वेगळी अक्षरं एकाच वेळी म्हणताहेत म्हटल्यावर प्रार्थना कळणार कशी? ही तक्रार चर्चमध्येच फार जुनी आहे. बाविसाव्या जॉन या पोपने १३२४-२५ च्या सुमाराला चक्क फर्मान काढून नव्या धाटणीच्या गायकांना झापलं होतं. गायकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, हे पुढच्या तीनशे वर्षांचं संगीत पाहिलं की कळतं.

## हिलियर्ड नावाचं चौघांचं बिऱ्हाड

असे गट आज डझनांनी आहेत. मी इथे एकाच गटाला धरून बोलणार आहे: लंडनचा हिलियर्ड एन्साम्बल. १९७४ मध्ये तो सुरू झाला. पॉल हिलियर या गायकाचा त्यात पुढाकार होता, त्यामुळे नाव त्याच्यावरून पडलं असं वाटेल. पण गटाने नाव घेतलं ते निकोलस हिलियर्ड या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या चित्रकाराचं. तळहातावर मावतील एवढी व्यक्तिचित्रं काढण्यात त्याचा हातखंडा होता. छोट्या गटाला नाव शोभून दिसतं.

सुरुवातीला माणसं येत-जात राहिली. १९९० मध्ये हिलियर बाहेर पडला आणि मग चौकडी ठरली: डेव्हिड जेम्स, रॉजर्स कोव्ही-क्रम्प, जॉन पॉटर आणि गॉर्डन जोन्स. १९९८ मध्ये पॉटरच्या जागी स्टीव्हन हॅरल्ड आला. २० डिसेंबर २०१४ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये शेवटची मैफल करून चौघांनी ठरवून दुकान बंद केलं. चाळीस वर्षं. आपल्याकडे एखादी नाटक कंपनी एवढी टिकली तर आपण तिची शताब्दी आधीच साजरी करू.

यातले बरेच गट इंग्लंडमधलेच का, हाही एक प्रश्न येतो. टॅलिस स्कॉलर्स (१९७३), द सिक्स्टीन, स्टिले आन्तिको, सगळे तिकडचेच. त्याचं कारण तिथल्या कॅथेड्रल आणि कॉलेजांमधल्या गायकवृंदांत आहे. केंब्रिजचं किंग्ज कॉलेज १४४१ मध्ये स्थापन झालं. तिथे गाणाऱ्या मुलांची सोय जुन्या काळापासून आहे. सात-आठ वर्षांचं पोर अशा वृंदात शिरलं की जवळजवळ रोज गातं, आणि समोर आलेला नवा कागद पहिल्याच फटक्यात वाचून गायला शिकतं. मोठेपणी अशा चौघांना एकत्र आणलं की तालमीचे निम्मे तास वाचतात. फ्रान्स, बेल्जियम, इटलीतही उत्तम गट आहेत, पण हा तयार पुरवठा इंग्लंडकडेच जास्त.

## कागदावर काय असतं आणि काय नसतं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या संगीताचे कागद आहेत, भरपूर आहेत. १५०१ मध्ये व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने पॉलिफनीचं पहिलं पुस्तक खिळ्यांनी छापलं; त्याआधीची हस्तलिखितं वेगळीच. मग अडचण कसली?

भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतली एखादी बंदिश डोळ्यांसमोर आणा. स्वर आहेत, मात्रा आहेत, सम कुठे ते आहे, शब्द आहेत. ज्याने कधी ख्याल ऐकलाच नाही अशा माणसाला ते पान दिलं आणि ‘गा’ म्हटलं, तर तो काय गाईल? स्वर बरोबर लागतील, आणि तरी ख्याल होणार नाही. मींड कुठे, कण कुठे, आवाज किती उघडा, लय किती, हे पानावर नाही. ते गुरूकडे आहे. आपल्याकडे गुरू आहे, म्हणून पान अपुरं असलं तरी बिघडत नाही.

युरोपात पान राहिलं आणि गुरू गेला. माणसं मेली एवढंच कारण नाही, ती तर सगळीकडेच मरतात. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली, इंग्लंडमध्ये लॅटिन उपासनाच बंद झाली, वह्या जाळल्या-फाडल्या गेल्या. इटन कॉलेजमधली १५०० च्या आसपासची एक भलीमोठी गायनवही वाचली, तर तो केवढा ठेवा मानला जातो! त्या वहीत मुळात ९३ रचना होत्या. आज पूर्ण-अपूर्ण धरून ६४ उरल्या आहेत. जिथे धर्म तोच राहिला तिथे आवड बदलली. ऑपेरा आला, मोठे वाद्यवृंद आले, गळ्याची घडणच बदलली. तीनशे वर्षांनी कुणीतरी कपाट उघडलं तेव्हा हातात फक्त कागद होता.

आणि कागदही कसा? चारही चाली एकाखाली एक लिहिलेल्या, असं सहसा नसे. प्रत्येक गायकाची वही वेगळी, तिच्यात फक्त त्याचीच ओळ. बाकीचे काय गाताहेत ते कानाने ऐकूनच समजायचं. मात्रांचे विभाग पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. हळू की मोठ्याने, त्याची खूण नाही. लयीचा आकडा नाही. काही जुने शास्त्रकार निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीचा दाखला देतात, तेवढाच आधार. कुठला शब्द कुठल्या स्वराखाली बसवायचा, हे पुष्कळदा गायकावर सोडलेलं. पट्टीही मोकळी: पांढरी एकचा सूर आज जगभर जिथे ठरलेला आहे, तसा तेव्हा कुठेच ठरलेला नव्हता.

त्याहून गमतीचा भाग म्हणजे काही स्वर लिहिलेलेच नसत, कारण ते न लिहिता कळायला हवेत अशी अपेक्षा होती. ओळ शेवटाकडे येताना ‘नी’ खालून ‘सा’वर चढत असेल, तर वहीत कोमल दिसला तरी गायकाने तो शुद्ध घ्यायचा. देस रागात आरोहाला शुद्ध निषाद लागतो हे आपल्या विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी लिहून द्यावं लागत नाही, तसंच ते. पण पाचशे वर्षांनी, शेवट नेमका कुठे सुरू होतो यावरच दोन गायकांचं एकमत होत नाही. एकाने शुद्ध घेतला आणि शेजारच्याच्या ओळीत त्याच क्षणी कोमल आला, तर खटका बसतो. मग तालमीत वाद. अशा गटांची तालीम म्हणजे निम्मं गाणं आणि निम्मं असलं भांडण.

## एकच कागद, दोन घराणी

हे सगळं ऐकून तपासायचं असेल तर एक रचना पुरे. गियोम द माशो हा चौदाव्या शतकातला फ्रेंच कवी-संगीतकार, रँस शहराच्या कॅथेड्रलशी जोडलेला, १३७७ मध्ये वारला. त्याने साधारण १३६० च्या दशकात चार आवाजांसाठी एक पूर्ण ‘मास’ रचला. मास म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. तिचे ठरलेले भाग एकाच ज्ञात संगीतकाराने संगीतबद्ध केल्याचं हे सगळ्यात जुनं पूर्ण उदाहरण.

हिलियर्डचं या मासचं ध्वनिमुद्रण १९८९ मध्ये आलं. आवाज सरळ, पातळ, जवळजवळ न थरथरणारे. चारही धागे सुटे दिसतात. कुठला धागा कुठे वळला ते बोट ठेवून सांगता येतं.

१९९६ मध्ये फ्रान्सच्या ऑन्साम्बल ऑर्गानुमने मार्सेल पेरेस यांच्या दिग्दर्शनाखाली तोच मास काढला. सुरुवातीचा ‘किरिए’ लावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही पुन्हा नाव तपासाल, चुकीची फाईल तर लागली नाही ना म्हणून. खर्जातले दणदणीत आवाज, घशातून येणारा कस, आणि प्रत्येक स्वराभोवती कण, मुरक्या, थरथर. काही जणांना तो बायझँटाइन, म्हणजे जुन्या ग्रीक चर्चमधला वाटतो, काहींना अरबी. पेरेस यांनी कॉर्सिका बेटावरच्या परंपरेतले गायक घेतले. तिथे तोंडी परंपरेने अनेक आवाजांत गाण्याची रीत अजून जिवंत आहे. शिवाय तेराव्या शतकातल्या जेरोम ऑफ मोराव्हिया या लेखकाने गायनातल्या अलंकारांचं वर्णन करून ठेवलंय. तेव्हाचे लोक सपाट गात नव्हते, एवढं तरी त्यावरून म्हणता येतं.

दोघांसमोर कागद एकच. मला स्वतःला पेरेस यांचा ‘किरिए’ जास्त भिडतो. पण चाली एकमेकींत कशा गुंफल्या आहेत ते समजून घ्यायचं असेल तर हिलियर्डला पर्याय नाही. पेरेस यांच्या मुरक्यांच्या धुरळ्यात ते हरवतं.

## चारच का? आणि वाद्यं का नाहीत?

बजेट नसेल म्हणून, असं कुणी म्हणेल. तेही थोडं खरं आहे. चार विमान तिकिटांत दौरा होतो. पण खरी कारणं दुसरी आहेत.

बराच काळ अभ्यासकांची समजूत अशी होती की मध्ययुगीन गाण्यांत ज्या ओळीखाली शब्द नाहीत ती वाद्यावर वाजवत असणार. त्यामुळे १९६०-७० च्या दशकांतली ध्वनिमुद्रणं शिंगं, पिपाण्या, डफांनी गजबजलेली आहेत. ऐकायला मजा येते, जत्रेत गेल्यासारखं वाटतं. मग १९७० च्या दशकाच्या शेवटापासून डेव्हिड फॅलोज आणि ख्रिस्तोफर पेज या अभ्यासकांनी जुन्या लेखनातले दाखले काढून दाखवलं की या ओळीही बहुधा गळ्यानेच गात असत. पेज यांनी १९८० मध्ये गॉथिक व्हॉइसेस हा गट काढून ते गाऊनही दाखवलं. सगळ्यांना ते पटलं असं नाही, पण निव्वळ गळ्यांच्या गटाला त्यातून भक्कम पाया मिळाला.

दुसरं कारण विल्यम बर्डच्या गोष्टीत सापडतं. बर्ड हा एलिझाबेथ राणीच्या दरबारचा संगीतकार, पण धर्माने कॅथलिक, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक मास करणं गुन्हा होता. १५९२ ते १५९५ या काळात त्याने तीन, चार आणि पाच आवाजांचे असे तीन मास छापले. त्यांना मुखपृष्ठच नव्हतं. कुणी छापलं, कुठे छापलं, पत्ता नाही. हे संगीत श्रीमंत कॅथलिकांच्या वाड्यांत, दारं लावून, हाताशी असतील तेवढ्या माणसांनी गाण्यासाठी होतं. तिथे साठ जणांचा कॉयर कुठून आणणार? असं गाणं मोठ्या वृंदाने गायलं तर सुंदर वाटतं, पण एका ओळीला एकच माणूस ठेवला की त्यातला धोका ऐकू येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळं जुनं संगीत छोट्या गटाचं नाही. टॉमस टॅलिस या बर्डच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने १५७० च्या आसपास चाळीस आवाजांची एक रचना केली: पाच-पाच गायकांचे आठ वृंद, प्रत्येकाला वेगळी ओळ. ती गायला हिलियर्डसारखे दहा गट लागतील.

## गंधाराचा हिशेब

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मराठी रसिकाला तो युरोपातल्या श्रोत्यापेक्षा लवकर समजेल असं मला वाटतं.

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. ‘सा’शी त्याचं गुणोत्तर ५:४. संगीतातली अंतरं मोजायला ‘सेंट’ नावाचं माप आहे. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. त्या मापाने स्वयंभू गंधार ‘सा’पासून ३८६ सेंटवर येतो. पेटीचा गंधार ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. हा फरक ज्यांना खुपतो त्यांना तो फारच खुपतो. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर घातलेली बंदी तीस वर्षं टिकली, तिच्यामागे श्रुतींचा हा वादही होताच.

वाद्य न घेता गाणाऱ्या चौघांवर पेटीचं बंधन नाही. खालचा ‘सा’ धरतो, एक जण ‘प’, आणि तिसऱ्याने गंधार नेमका ३८६ वर आणून ठेवला की आवाज एकदम स्थिर होतो. कुणीच गात नसलेले वरचे स्वर खोलीत घुमायला लागतात. कोव्ही-क्रम्प यांची या मिळवणीचा जाणकार म्हणून ख्याती होती. हिलियर्डचा तो ‘काचेसारखा’ म्हटला जाणारा आवाज मुख्यतः इथून येतो. थरथर कमी ठेवण्याचं एक कारणही हेच: स्वर हलता असेल तर असा जुळणार कसा?

पण गंमत पुढे आहे. हा गोड गंधार सगळ्या शतकांना चालत नाही. मध्ययुगात शास्त्र पायथागोरसचं होतं. त्यांचा गंधार षड्ज-पंचमाच्या साखळीतून काढलेला, ४०८ सेंटवरचा, पेटीपेक्षाही चढा आणि टोचणारा. त्यामुळे बाराव्या-तेराव्या शतकातलं संगीत विसाव्याला सा-प-सा वरच येतं. गंधार वाटेतला, अस्वस्थ करणारा. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या पेरोतां या संगीतकाराची चार आवाजांची रचना गाताना गटाला एक गंधार लागतो, आणि मध्यंतरानंतर पालेस्त्रीना गाताना दुसरा. एकाच संध्याकाळी.

आणि प्रत्येक ठिकाणी शुद्ध गुणोत्तरं धरली तर सगळा गट हळूहळू मूळ पट्टी सोडून सरकतो. हा घोळ सोळाव्या शतकातच इटालियन गणिती बेनेदेत्तीने कागदावर मांडून दाखवला होता: काही वळणांवर दर फेरीला साधारण साडेएकवीस सेंट घसरण. म्हणजे तानपुऱ्याविना गाणाऱ्या या लोकांनी प्रत्येक स्वर अचूक लावला, तरी गाणं संपेपर्यंत ‘सा’ दुसरीकडे गेलेला असू शकतो. मग कुणीतरी कुठेतरी चिमूटभर तडजोड करायची, आणि ती ऐकणाऱ्याला कळू द्यायची नाही.

## पुरुष इतक्या वरच्या पट्टीत का गातात?

हिलियर्डमधला सगळ्यात वरचा आवाज डेव्हिड जेम्स यांचा, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो हमखास बाईचा वाटतो. अशा गायकाला ‘काउंटरटेनर’ म्हणतात. नेहमीचा छातीचा आवाज सोडून स्वरतंतूंच्या कडा तेवढ्या कंप पावतील असा हलका आवाज तो तयार करतो. प्रत्येक पुरुषाकडे असा आवाज असतो, नकला करताना तो निघतोही. पण त्यावर वर्षानुवर्षं मेहनत करून त्याला वजन देणं वेगळं. विसाव्या शतकात ही कला पुन्हा मैफलीत आणली आल्फ्रेड डेलर या इंग्लिश गायकाने.

यामागचं कारण सरळ आहे. चर्चच्या वृंदात बायकांना गायला मनाई होती. वरच्या ओळी लहान मुलं किंवा असे पुरुष गात. इटलीत पुढे त्याहून क्रूर वाट निघाली, मुलांचा आवाज फुटू नये म्हणून त्यांचं खच्चीकरण करण्याची. सिस्टिन चॅपलचा तसा शेवटचा गायक आलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये वारला. १९०२ आणि १९०४ मध्ये मुद्रित झालेला त्याचा आवाज आजही ऐकता येतो. मी एकदा ऐकला, पुन्हा लावावासा वाटला नाही.

आजच्या गटांनी ही मनाई पाळायचं काही कारण नाही, आणि बहुतेक पाळतही नाहीत. स्टिले आन्तिकोच्या बारा गायकांत स्त्रिया आहेत. न्यूयॉर्कचा अनॉनिमस फोर हा गट तर १९८६ मध्ये चार स्त्रियांनीच काढला. पुरुषांसाठी लिहिलेल्या ओळी त्यांनी आपल्या पट्टीत नेल्या. पट्टी मुळात ठरलेलीच नव्हती, तर आक्षेप कुणी घ्यायचा?

## म्हणजे हे सगळं अंदाजपंचेच की!

हा आक्षेप तज्ज्ञांनीच घेतलाय, आणि चांगला खणखणीत घेतलाय. अमेरिकी अभ्यासक रिचर्ड तारुस्किन यांनी १९८० च्या दशकापासून सुनावलं की ज्याला तुम्ही ‘अस्सल जुना आवाज’ म्हणता, तो स्वच्छ, सरळ, भावनेचा कढ नसलेला आवाज विसाव्या शतकाची स्वतःची आवड आहे. तुम्ही भूतकाळाचा मुखवटा घालून आजचंच गाताय.

या आरोपाला पुष्टी देणारं मासलेवाईक उदाहरण म्हणजे अल्लेग्रीचं ‘मिझेरेरे’. सतराव्या शतकात सिस्टिन चॅपलसाठी केलेली ही रचना. चौदा वर्षांच्या मोझार्टने १७७० मध्ये ती ऐकून घरी जाऊन लिहून काढली, ही गोष्ट जगप्रसिद्ध आहे. तिच्यात एक आवाज अचानक तार सप्तकात झेप घेतो. तेवढ्या एका जागेसाठी लोक तिकिटं काढतात. आणि ती जागा अल्लेग्रीची नाहीच! १८८० च्या सुमारास एका संगीतकोशात उतारे जुळवताना वेगळ्या पट्टीतला तुकडा मध्ये चिकटवला गेला आणि ती झेप जन्माला आली. पुढच्या प्रतींनी ती चूक इमानाने उतरवली. आज हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बहुतेक गट ती जागा गातातच. टाळ्या तिथेच पडतात ना.

मग सगळंच खोटं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. अंदाज दोन प्रकारचे असतात. मनाला येईल तो एक, आणि मागे हस्तलिखितं, जुनी पुस्तकं, चित्रं, हिशेबाच्या चोपड्या असलेला दुसरा. दुसऱ्या प्रकारचा अंदाज चुकू शकतो, पण तो चुकला हे दाखवता येतं. वाद्यांबद्दलची समजूत बदलली ती अशीच. चांगले गट ‘आम्ही जसंच्या तसं गातो’ असा दावा आता करत नाहीत. ते कागद वाचतात, रिकाम्या जागा स्वतःच्या अकलेने भरतात आणि त्याची जबाबदारी घेतात. हिलियर्डचा आवाज विसाव्या शतकातल्या चार इंग्रज पुरुषांचा आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

## आणि तो सॅक्सोफोन?

हिलियर्डचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यातल्या बहुतेकांनी ‘ऑफिसियुम’ या अल्बममुळे ऐकलंय. सप्टेंबर १९९३ मध्ये ऑस्ट्रियातल्या झांक्ट गेरोल्डच्या मठात चौघे जुनं संगीत गायले आणि नॉर्वेचा यान गार्बारेक त्यांच्याभोवती सॅक्सोफोनवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवत राहिला. १९९४ मध्ये अल्बम आला आणि दहा लाखांहून जास्त खपला. सॅक्सोफोनचा शोध एकोणिसाव्या शतकातला. शुद्धतावाद्यांनी कपाळाला हात लावला.

गंमत अशी की यात परंपरेचा एक धागा आहे. ठरलेल्या चालीभोवती उत्स्फूर्त ओळ गुंफणं हे त्या काळच्या गायकांच्या शिक्षणाचाच भाग होतं. साधन तेवढं बदललं. तरी सलग तासभर ऐकलं तर सॅक्सोफोन कधीकधी नको तिथे रडतो, हेही खरं.

## चर्चचं गाणं. आपला काय संबंध?

पहिली गोष्ट, सगळं चर्चचं नाही. सोळाव्या शतकातल्या क्लेमाँ जानकँ या फ्रेंच माणसाने चार आवाजांत पक्ष्यांची किलबिल आणि लढाईतला तोफांचा गोंगाट गाऊन दाखवलाय. त्यात शब्दांपेक्षा ‘तारारी-फेरेली’च जास्त.

दुसरी गोष्ट गोव्याची. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा युरोपात पॉलिफनी भरात होती, आणि ती मिशनऱ्यांबरोबर जहाजातून इथे आली. चर्चला जोडलेल्या शाळांतून गोमंतकीय मुलं स्वरलेखन वाचायला आणि अनेक आवाजांत गायला शिकली. हा इतिहास धर्मांतराच्या सक्तीपासून वेगळा काढता येत नाही आणि काढूही नये. पण त्या शाळांतली तालीम शतकानुशतकं टिकली. उपासकाळात गोव्यातल्या चर्चमध्ये आजही दोन-तीन आवाजांतले ‘मोतेत’, म्हणजे धर्मगीतं, गातात, लॅटिनमध्ये आणि कोकणीतही. पुढे त्या परंपरेत वाढलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत मुख्य चालीच्या बाजूने व्हायोलिनची स्वतःची वेगळी चाल धावते, ती बांधणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच. दोन चाली एकाच वेळी ऐकायची सवय आपल्या कानाला नाही असं मी वर म्हटलं खरं, पण विविधभारतीवर वाढलेल्यांना ती नकळत थोडी लागलेली आहे.

## ऐकायचं तर

‘ऑफिसियुम’च्या सुरुवातीचं मोरालेस या स्पॅनिश संगीतकाराचं ‘पार्चे मिही दोमिने’ आधी ऐका. ते संथ आहे, चौघे बहुतेक वेळ बरोबरीने शब्द म्हणतात, त्यामुळे कान बिचकत नाही. मग बर्डचा चार आवाजांचा मास, हिलियर्डचाच. इथे हेडफोन लावा आणि पहिल्यांदा फक्त सगळ्यात खालचा आवाज धरून चला, दुसऱ्यांदा फक्त वरचा. चारही एकदम पकडायच्या फंदात पडू नका, गाणारेही पडत नाहीत. त्यानंतर माशोची ती दोन ध्वनिमुद्रणं पाठोपाठ. जेसुआल्दो हा इटालियन संगीतकार मात्र सुरुवातीला टाळा. त्याचे स्वर मुद्दाम वाकडे आहेत आणि पहिल्याच भेटीत गैरसमज होईल. पेरोतां सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. ‘विदेरुन्त ओम्नेस’ लावलंत आणि मध्येच गॅसवरचं दूध बघून आलात, तरी चौघे पहिल्याच अक्षरावर असण्याची शक्यता आहे.